डोंबिवलीचं नाव लागलेली संख्या

भिवंडीहून मी. आजच्या भागात राजा नाही, किल्ला नाही, लढाई नाही. आज इतिहास सांगणार आहे तो एका संख्येचा. ऐकणाऱ्यांनी कागद-पेन घ्या. वाचणाऱ्यांसाठी सगळ्या संख्या खाली लिहिल्याच आहेत.

आधी फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडा. नऊ वेळा १ दाबा: १११११११११. या संख्येला तिनेच गुणा. बऱ्याच फोनवर उत्तर नीट दिसणारच नाही. १.२३ आणि पुढे इंग्रजी ई, असलं काहीतरी येईल, नाहीतर शेवटच्या अंकांच्या जागी शून्यं. कारण उत्तर सतरा अंकी आहे आणि साध्या कॅल्क्युलेटरला एवढे अंक अचूक धरता येत नाहीत. खरं उत्तर हे:

१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि पुन्हा एकपर्यंत उतरायचं. उलटं वाचा, सुलटं वाचा, तेच. आता ही ओळ ‘चमत्कारी संख्या, दहा जणांना पाठवा’ म्हणून तुमच्या फॅमिली ग्रुपवर कधी ना कधी आलेली असणार. त्या फॉरवर्डमध्ये एक गोष्ट बहुतेक नसते. गणितात या प्रकारच्या संख्यांना नाव आहे, आणि ते आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या एका रेल्वे स्टेशनचं आहे. या संख्या म्हणजे डेम्लो संख्या. आणि डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली.

हो, तेच डोंबिवली. भिवंडी रोडवरून दिव्याची गाडी पकडा, कोपरला उतरा, पुढचं स्टेशन.

नाव ठेवणारा माणूस

हे नाव ठेवलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. डहाणू आज पालघर जिल्ह्यात आहे, पण पालघर वेगळा झाला २०१४ मध्ये. त्याआधी डहाणू, भिवंडी, डोंबिवली सगळं एकच ठाणे जिल्हा. म्हणजे माणूस आपल्याच जिल्ह्यातला. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली. माध्यमिक शाळा ठाण्यात आणि मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. तिथे १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि पदव्यांचा विषय तिथेच संपला. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत होते.

डेम्लोची गोष्ट त्यांच्या विद्यार्थिदशेतली. १९२३ साली गाडी बदलताना, स्टेशनवर, या संख्यांचा विचार डोक्यात आला असं सांगतात. जुन्या नोंदींत हे स्टेशन जी.आय.पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर असल्याचं लिहिलेलं आहे. तीस मैल म्हणजे साधारण ४८ किलोमीटर. आजही सीएसएमटीपासून डोंबिवली तेवढंच येतं. हिशेब बरोबर जुळतो.

गाडीची वाट बघताना आपण रील्स बघतो. वाट बघणं तेव्हाही होतं, मोबाइल नव्हता. या पोराने डोक्यातल्या डोक्यात आकडे फिरवले आणि १९३८ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात ‘वंडरफुल डेम्लो नंबर्स’ या नावाने लेख छापून आला. पुढे के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर त्यांनी डेम्लो संख्यांची रीतसर मांडणीही केली.

आता डेम्लो संख्या म्हणजे नेमकं काय? १६५ घ्या. मधला अंक ६, आणि दोन टोकं १ आणि ५. टोकांची बेरीज किती? ६. दुसरी घ्या, २५५३. टोकं २ आणि ३, बेरीज ५, आणि मध्ये ५ ची रांग. म्हणजे टोकांची बेरीज केली की मधलाच अंक मिळतो.

आता आपली सतरा अंकी संख्या घ्या. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे उरलं १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज करा: ९९९९९९९९. सगळे नऊ! १२३२१ घेतलीत तर १२ अधिक २१ बरोबर ३३, आणि मधला अंक ३. १२३४३२१ मध्ये १२३ अधिक ३२१ बरोबर ४४४, मधला अंक ४.

मागचा खटखट आवाज

ऐकणाऱ्यांना माझ्या मागे बारीक खटखट ऐकू येत असेल. माझ्या घरामागच्या गाळ्यात लूम चालतात, रात्रपाळी सुरू आहे. भिवंडीत शांत जागा शोधून रेकॉर्डिंग करायचं म्हटलं तर एकही भाग निघणार नाही. पण आज हा आवाज कामाचा आहे, कारण या संख्येचं गुपित कापडात दिसतं.

लूमवर उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे म्हणजे बाणा. तीन उभे धागे घ्या, त्यांच्यावर तीन आडवे. किती ठिकाणी एकमेकांना छेदतात? नऊ. आता हे छेद तिरके मोजा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्यात १, पुढच्या तिरक्या ओळीत २, मग ३, मग २, मग १. लिहून काढा: १२३२१. आणि १११ गुणिले १११ सुद्धा १२३२१!

हा योगायोग नाही. १११ मध्ये एक एकक, एक दशक, एक शतक. गुणाकार करताना वरचा प्रत्येक अंक खालच्या प्रत्येक अंकाला भेटतो, ताणा बाण्याला भेटतो तसा. दशक-एकक आणि एकक-दशक या दोन्ही भेटींचं उत्तर दशकातच पडतं, म्हणून त्या एकाच तिरक्या ओळीवर येतात. आता नऊ ताणे, नऊ बाणे घ्या. छेद ८१. तिरक्या ओळी १, २, ३ करत ९ पर्यंत जातात आणि उतरतात. आपल्या सतरा अंकी संख्येतले सगळे अंक मिळवून बघा, बेरीज बरोबर ८१ येते. यायलाच पाहिजे, कारण प्रत्येक छेद कुठल्या तरी अंकात एकदा मोजला गेलाय.

माझा मुद्दा असा की, फॉरवर्ड करणारा ‘चमत्कार’ म्हणून थांबतो. कापरेकरांसारखा माणूस ‘असं का होतं’ विचारतो. आणि त्याचं उत्तर सातवीतल्या पोराला कळण्यासारखं असतं.

हे आपल्याकडे आधीपासून

असल्या आकड्यांची गंमत वाटणारे कापरेकर पहिले नव्हेत. साधारण इ.स. ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ लिहिला. महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हा राष्ट्रकूटांकडे होता. महावीराने १२३४५६५४३२१ या संख्येचं वर्णन केलंय: एकापासून सुरू होऊन सहापर्यंत जाते आणि मग क्रमाने उतरते. हा १११११ आणि आणखी एक १, म्हणजे सहा एकांचा वर्ग. दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या संख्यांना तो गळ्यातल्या दागिन्याची उपमा देतो. ३३३३३३६६६६६७ ला ३३ ने गुणा, ११००००११००००११ मिळतं. खरंच मणी ओवल्यासारखं दिसतं.

त्यानंतर तीनशे वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांची ‘लीलावती’. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. लीलावतीत एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत. म्हणजे आपली सतरा अंकी संख्या आपण नावांनिशी वाचू शकतो. जरा श्वास भरून घ्या:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ दशकोटी, आठ कोटी, सात दशलक्ष, सहा लक्ष, पाच दशसहस्र, चार सहस्र, तीन शतक, दोन दशक, एक एकक.

झाली. मराठीत पूर्ण. एक अख्खं स्थान अजून शिल्लक राहिलं, परार्ध. कॅल्क्युलेटर जिथे ई लावतो, तिथे लीलावतीकडे शब्द आहेत.

दहावा एक

आता मला सगळ्यात आवडणारी जागा. नऊ एकांचा वर्ग इतका सुंदर, मग दहा एकांचा काय येत असेल? उत्तर:

१२३४५६७९००९८७६५४३२१

गेलं! डावीकडचा ८ गायब, मध्ये दोन शून्यं घुसली. आणि ही संख्या एकोणीस अंकी आहे. नक्षी मोडली आणि लीलावतीतली अठरा नावंही इथेच संपली.

नक्षी का मोडली? कापडाकडे जा. दहा ताणे, दहा बाणे, तर सगळ्यात लांब तिरक्या ओळीत छेद दहा. एका जागेवर अंक बसतो जास्तीत जास्त ९. दहाचा ० खाली लिहायचा, हातचा १ पुढे. पुढे ९ होते, ते झाले १०. पुन्हा ० खाली, हातचा १. पुढे ८ होते, ते झाले ९. म्हणून ७ नंतर एकदम ९ आणि मग दोन शून्यं. दुसरीत शिकलेला हातचा, दुसरं काही नाही. आणि यावरून एक खरी गोष्ट कळते. ही नक्षी विश्वाचं रहस्य वगैरे नाही. आपण दहाच्या पद्धतीत मोजतो म्हणून ती नवावर थांबते. आपण आठच्या पद्धतीत मोजत असतो तर ती सातावरच थांबली असती.

पण थांबा. मोडलेली ही संख्या टाकून देऊ नका. तिचे शेवटचे दहा अंक कापा: ०९८७६५४३२१. उरलेले: १२३४५६७९०. दोन्हींची बेरीज करा.

११११११११११

दहा एक परत आले! वर्ग केला, कापला, जोडला, आणि मूळ संख्या हजर. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. लहान उदाहरण २९७. वर्ग ८८२०९. कापा, ८८ आणि २०९. जोडा, २९७. म्हणजे त्यांची एक नक्षी जिथे मोडते, तिथे त्यांच्याच नावाची दुसरी सुरू होते.

याचंही कारण आहे, आणि ते अवघड नाही. दहा एकांतून १ वजा करा: १११११११११०. अंकांची बेरीज ९, म्हणजे नवाने भाग जाणार. भागाकार येतो १२३४५६७९०. ओळखीचा वाटतोय? आपला डावा तुकडा तोच. कुठल्याही दहा-दहा अंकांच्या तुकड्यांत कापून जोडणं म्हणजे त्या संख्येतून ९९९९९९९९९९ काही वेळा वजा करणं. इथे ते बरोबर १२३४५६७९० वेळा वजा होतं आणि दहा एक उरतात. याच कारणाने एकोणीस एकांची संख्यासुद्धा कापरेकर संख्या आहे. एक वजा केला की अंकांची बेरीज १८, पुन्हा नवाने भाग जातो.

आणि एकोणीस एकांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. ती मूळ संख्या आहे. तिला १ आणि ती स्वतः, एवढ्यांनीच भाग जातो. नुसत्या एकांच्या संख्यांत हे फार दुर्मीळ. ११ मूळ आहे. १११ नाही, ३ गुणिले ३७. ११११ नाही, ११ गुणिले १०१. अशा एकेक करत गेलात तर ११ नंतरची मूळ संख्या थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग एकदम ३१७ एकांची, मग १०३१ एकांची. ही शेवटची मूळ असल्याची सिद्धता विल्यम्स आणि डबनर यांनी प्रसिद्ध केली १९८६ मध्ये. त्याच वर्षी कापरेकर गेले. पुढची, ४९,०८१ एकांची, सिद्ध व्हायला २०२२ उजाडलं, तेही कॉम्प्युटरच्या जोरावर. अशा संख्या अनंत आहेत की कुठेतरी संपतात, हे जगात अजून कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही. डोंबिवलीच्या फलाटावर बसून पडणारा प्रश्न आजही उघडा आहे.

‘पण उपयोग काय?’

या भागाचा विषय मी आधी कळवला होता तेव्हा एका श्रोत्याचा मेसेज आला: ताई, याचा उपयोग काय? मी कॉमर्सची. बारावीपर्यंत हा प्रश्न मीही बाकावर बसून रोज विचारलाय. त्यामुळे फिरवाफिरवी न करता उत्तर देते.

मोठ्या मूळ संख्यांचा उपयोग आहे. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतींत त्या वापरतात. पण डेम्लो संख्यांनी कुठला पूल बांधला नाही की कुठलं ॲप चालवलं नाही. कापरेकर रामानुजन होते असंही मी म्हणणार नाही. त्यांचं काम वेगळ्या जातीचं होतं. अंकांच्या खेळातलं, शाळेच्या फळ्यावर मावणारं. त्या काळच्या अनेक गणितज्ञांनी ते किरकोळ म्हणून हसण्यावारी नेलं.

तरी त्यांनी सोडलं नाही. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडला. तो तुम्हाला माहीत असेल. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यातल्या मोठ्या मांडणीतून लहानातली लहान वजा करा, आणि हेच करत राहा. त्यांचं जन्मसाल १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ बरोबर ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. तिथून पुढे ६१७४ च. सात पायऱ्या लागल्या, आणि सातापेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. याचाही ‘ईश्वरी संख्या’ म्हणून फॉरवर्ड फिरतो. पण तीन अंकांना हाच खेळ ४९५ वर थांबतो, आणि दोन अंकांना थांबतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ असा गोल फिरत राहतो. ईश्वर तीन आणि चार अंकांवरच प्रसन्न असेल असं काही वाटत नाही.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. तेव्हा त्यांचं वय सत्तर. शाळेतून निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. पेन्शन तुटपुंजी, म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन घर चालायचं.

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते, त्यांनी ठेवलेली नावं. बाकीच्या जगात संख्यांना नावं असतात फर्मा, मर्सेन, ऑयलर यांची. या मास्तरांनी एका प्रकाराला नाव दिलं डेम्लो, स्टेशनचं. दुसऱ्याला देवळाली, राहत्या गावाचं. जिथे विचार सुचला त्या जागेचं नाव विचाराला. त्यामुळे गणिताच्या कोशात आज डोंबिवलीची नोंद आहे, आणि ती कोणा मोठ्या संस्थेमुळे नाही, गाडीची वाट बघणाऱ्या एका विद्यार्थ्यामुळे आहे.

भिवंडीबद्दल बोलताना लोक लूम, गोदामं आणि ट्रॅफिक एवढंच बोलतात. इथल्या पोरांना कोणी सांगत नाही की विचार करायला प्रयोगशाळा लागत नाही, मोठं कॉलेज लागत नाही. उपयोग विचारणाऱ्या श्रोत्याला माझं उत्तर हेच. ‘असं का होतं’ हा प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही, आणि ज्याला तो विचारायची सवय लागली त्याला फॉरवर्डने फसवणं कठीण जातं. आजच्या दिवसांत हा उपयोग मला कमी वाटत नाही.

जाता जाता गृहपाठ. तीन अंकी कापरेकर संख्या फक्त तीनच आहेत. २९७ आपण पाहिली. दुसरी ७०३, तिचा वर्ग तुम्ही करा आणि कापून जोडा. तिसरी शोधून काढा. हिंट एवढीच की ती डोळ्यांसमोरच आहे. उत्तर कमेंटमध्ये लिहा, आणि नुसतं उत्तर नको, कारणही लिहा.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा.